मध्यरेषेसमोरची खुर्ची

वागळे इस्टेटमागच्या बंदिस्त सभागृहात
माझी खुर्ची मध्यरेषेच्या बरोब्बर समोर असते.
सव्वीस वर्षं कबड्डीवर बोलतोय मी.
घसा बसला तर खडीसाखर,
जीभ अडली तर जुनी वाक्यं.

जुनी वाक्यं फार भरवशाची.
मॅटवर काय झालं ते डोळे बघेपर्यंत
ती तोंडातून निघून गेलेली असतात.

त्या बुधवारी शार्दूलनं टाचेची पकड मोडली,
तिघांना ओढत रेषेवर पडला,
उठला, दणदण मांडी थोपटली,
समोरच्या कोपरारक्षकाच्या नाकापुढे बोट नाचवलं.
मी ओरडलो, काय हा जोश!
रक्त सळसळतंय पोराचं!
नौपाड्यातल्या त्याच्या आत्यानं म्हणे
टीव्हीपुढेच त्याची दृष्ट काढली.

मग लहू हिलम.
तीच रेषा, तिघंच.
मांडी थोपटली, एकदा.
बोट नाही.
पंचांनी हिरवं कार्ड काढलं
आणि मी, खडीसाखर गालात सरकवून:
हा माज बरा नव्हे. चार पैसे आले
की पाय सुटतात जमिनीवरचे.

मागच्या सोफ्यावरून कुणीतरी, माइकशिवाय,
माझं वाक्य पुरं केलं:
शेवटी जात दाखवलीच.

मी हसलो नाही.
वळलोही नाही.
पुढच्या चढाईचे गुण सांगितले, अचूक.

सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर लहू भेटला.
गुडघ्याला बर्फाची पिशवी, हातात कटिंग.
रागावलेला वाटेना. विचारायचं म्हणून विचारावं तसं म्हणाला,
सर, आई पडघ्याला भट्टीवर असते.
विटांच्या थप्पीवर मोबाईल उभा करून
सगळे बघतात, तुमचा आवाज मोठा करून.
तिनं फोन केला आता.
म्हणाली, ते बाबा माज म्हनले, काय केलास रं तू?
कुनाला लागलं का?
मी म्हटलं, मांडीवर हात मारला.
ती म्हणाली, कुनाच्या?

मी म्हटलं, माझ्याच.

एवढं सांगून तो खळखळून हसला,
ग्लास विसळून ठेवला, टपरीवाला नको म्हणत असताना,
आणि लंगडत बसकडे गेला.

त्या रात्री मी माझीच जुनी मुद्रणं लावली.
स्वतःचा आवाज ऐकणं म्हणजे
दुसऱ्याच्या घरात आपली चप्पल सापडणं.
हॉटेलातला आरसा फोडला शार्दूलनं, तेव्हा मी:
वय आहे, बिचाऱ्यावर दडपण किती.
लहू एका सरावाला नव्हता, तेव्हा मी:
शिस्त रक्तात असावी लागते.
त्या दिवशी तो मुरबाडच्या कचेरीत
रांगेत उभा होता, तिसऱ्यांदा,
जातीच्या दाखल्यासाठी.

म्हणजे दाखवतच होता बिचारा.
खिडकीतला माणूस बघायला तयार नव्हता.

बायको म्हणाली, झोपा आता.
तुम्ही काय मुद्दाम म्हणालात?
मुद्दाम म्हणालो असतो तर
एखादे दिवशी थांबताही आलं असतं.

यंदा लहू बदललाय असं सगळे म्हणतात.
गुण घेऊन येतो, मॅटला हात लावतो,
मान खाली घालून आपल्या जागी जातो.
प्रशिक्षक खूश. प्रायोजक खूश.
पाय जमिनीवर असलेला खेळाडू, असं पेपरात छापून आलं,
आणि ते वाक्यही माझंच आहे,
पाच-सहा वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या कुणासाठी घडवलेलं.

काल त्यानं चौघांना बाद केलं. लोण.
सभागृह उठून उभं राहिलं.
त्याचा उजवा हात वर गेला,
मांडीपासून वीतभर अंतरावर
थबकला,
आणि तळवा चड्डीला पुसून
तो मागे वळला.

माझ्या हातात माइक होता.
निर्माता कानात सांगत होता, बोला, बोला, शांतता नको.

थोपट रे, एवढंच म्हणायचं होतं.
पण सव्वीस वर्षांत
हे वाक्य मी कधी तयारच केलं नव्हतं.