पंखा बंद करून

मे महिन्यात ग्वाल्हेरला डाख लावता येत नाही.
पंखा चालू ठेवला तर ज्योत लवंडते,
बंद केला तर मी.
हे कारण एप्रिलपासून चालतं.
जुलैत दुसरं असतं: ओल आली, टाकणखाराचा गोळा झाला.
थंडीत बोटं वळत नाहीत.
उरला फाल्गुन,
त्यात लोकांची लग्नं.

माधोगंजातली ही वरची खोली,
आधी इथे पापड वाळायचे.
टेबल ऑफिसच्या लिलावातलं, ड्रॉवरवर अजून
पांढऱ्या रंगात 'आवक'.
जावक लिहिलेला ड्रॉवर दुसऱ्या कुणी नेला.

आत एक बांगडी आहे,
तिची टोकं जुळायला तांदळाएवढं अंतर.
तांब्याचा पत्रा राळेत रुतलेला:
टिटवी करायची होती, पाय झाले.
पाय इतके छान झाले
की पुढे हात लावायची भीती वाटली.
एक कोंदण, खड्याविना. खडा आहे,
कोंदणाहून मोठा.
जोडवी तीन. कुणाची ते लिहून ठेवलं होतं,
त्या कागदानं मी कधीतरी चांदी पुसली.

छोटेलालजींकडे सराफ्यात
ऑफिस सुटल्यावर दोन वर्षं बसले.
ते संध्याकाळी ऐरण झाकायचे,
मांडीवरच्या फडक्यातला कीससुद्धा
झटकून डबीत भरायचे, आणि मला म्हणायचे,
"हाथ अच्छा है मैडम,
बस, उठ जल्दी जाता है।"

परवा सुनेत्रा इंगळे आली.
अकरा वर्षांपूर्वी तिच्या कुड्या घेतल्या होत्या करायला,
सात-सात मोत्यांच्या.
एक केली. दुसरीची तार ओढली
जंतराच्या शेवटच्या भोकातून, केसासारखी,
आणि मग
मग काय झालं ते आठवून पाहिलं.
काही झालं नव्हतं.

पन्हं दिलं. म्हटलं, या दिवाळीला नक्की.
तिनं पेला ठेवला, केस मागे सारले
आणि डावा कान माझ्यापुढे धरला.
"बघ. बुजलं."
भोक नव्हतं. तिथे एक टिंब,
सुईनं दाबून सोडून दिल्यासारखं.
"आहे ती दे. एकच पुरते आता."

उजव्या कानात फिरकी बसेना, मीच बसवली.
आरसा खाली होता,
तिनं पन्ह्याच्या स्टीलच्या पेल्यात पाहिलं,
मान इकडे, मान तिकडे.
"किती द्यायचे?"
मी म्हटलं, अर्धे.
तिनं अर्धे दिले. मोजून.

कान परत टोचून मिळतात
हे मी तिला म्हटलं नाही.
तिलाही माहीत असणार.

रात्री 'आवक' हिसडा देऊन उघडला.
तार होती, काळी पडलेली, वेटोळं तसंच.
रिठ्याच्या पाण्यात घोळली, राखेनं घासली.
मोती मोजले. सहा.
परत मोजले.
चटईखाली पाहिलं, टिटवीच्या पायांखाली पाहिलं.
सहाच.

साडेनऊला लाईट गेली.
पंखा स्वतःच्या जिवावर तीन फेरे फिरला
आणि थांबला.
खाली जिन्यात कुणीतरी इन्व्हर्टरला शिव्या घातल्या.
मी टॉर्च पेटवली.

ज्योत सरळ उभी.
चांदीचा रंग असा दिवसा कधी दिसला नव्हता:
आधी मळकट, मग काहीच नाही,
मग विटेचा,
आणि डाख एकदम धावला,
सांध्याच्या कडेकडेनं,
घरचं माणूस वळणावर वळतं तसा, न बघता.
घाम डोळ्यात उतरला.
होऊ दे सहा मोत्यांची.

साडेदहाला लाईट आली.
उठले,
पंखा बंद केला,
परत बसले.