टर्पेंटाइन

भरमाण्णांची मिशी मी चौदा वर्षं रंगवतोय.
मिशी तीच, शाल तेवढी बदलते.
आधी भगवी, गाव मराठीच म्हणायचे तेव्हाची.
मग हिरव्या काठाची.
परवा रात्री फोन : परशा, लाल-पिवळी कर,
नाव कन्नडात मोठं काढ,
मराठी जमलं तर बघ खाली.
जागा उरली नाही.

खालचा रंग मात्र मरत नाही.
उन्हात पाटी तापली की
पिवळ्यातून भगवं घामासारखं वर येतं.

दिवसा मी उद्यमबागला,
फौंड्रीतल्या लाकडी पेट्यांवर
स्टेन्सिल ठेवून काळी अक्षरं मारतो :
ह्यूस्टन.
कुठं आलं ते, विचारलं नाही कधी.

श्रावणात तिकडं कुणीतरी कागदावर
पन्नास हा आकडा लिहिला.
कुठल्या तेलावरून, कुणाच्या भांडणात,
मालकांनाही नीट सांगता येईना.
भट्टी आता आठवड्यात तीनच दिवस पेटते.
वाळूचे साचे रिकामं पोट धरून बसलेत.
जावई माझा, शट्टूप्पा, मोल्डर.
उरलेले दिवस मच्छेच्या चहागाड्यावर
कालचाच पेपर परत वाचतो.

भरमाण्णा येऊन गेले गेटवर.
म्हणाले, दिल्लीशी बोलतो.
कुठल्या शालीत, विचारणार होतो.

संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला,
शंभर पेट्या पडून आहेत, गाव खोडून ठेव.
नवं काय लिहू?
मोकळं सोड, म्हणाला.

खोडलं.
टर्पेंटाइन घरचंच वापरलं,
शालीतलं उरलेलं.