रकाना

अक्कलकोट रोडला, पाण्याच्या टाकीमागं,
चोवीस मागांचा आमचा कारखाना.
'जॉबर पाहिजे' असं खडूनं दारावर लिहिलं
तर लिंबय्या गड्डम आला. तोंडात पान, खिशात पाना.
पगार विचारला नाही.
त्या खडखडाटात मधल्या वाटेवर डोळे मिटून उभा राहिला,
म्हणाला, सतरा नंबरचा धोटा उद्या उडणार.
उडाला. त्याच संध्याकाळी.

मला वाटलं, झालं आपलं काम.

दोन महिन्यांत चौघं सोडून गेले.
बसलिंग तर राहिलेला हप्ताही न घेता.
लिंबय्या शिव्या द्यायचा नाही हो,
तो काहीच द्यायचा नाही.
तुटलेली तार बोटानं दाखवायचा,
आणि ज्याच्या हातून तुटली
त्याच्याकडं पाठ.

कोपऱ्यात इंदिराबाई चिलवेरी कांड्या भरते.
कुणाची सासू सिव्हिलला आहे,
कुणाला रात्रपाळीत भोवळ येते,
कुणाशी आज बोलायचंच नाही,
सगळं तिला ठाऊक.
हजेरीबुकात तिच्यापुढं फक्त कांड्यांचा आकडा.

ती लेकीच्या बाळंतपणाला सिरसिल्ल्याला गेली,
आठ दिवसांत सहा माग बंद.
लिंबय्यानं सहाही उघडून पाहिले.
"साच्यात काय नाय, मालक."
एवढंच बोलला, पण तिथून हलला नाही.

मी फोन लावला. म्हटलं, याला काढतो, गोड बोलणारा आणतो.
पलीकडं बाळ रडत होतं. ती हसली.
"गोड बोलून माग चालत असता
तर माझी करंगळी शाबूत राहिली असती.
त्याला सोडू नका. त्याला नुसतं
'जेवलास का' एवढं म्हणता येतं का बघा."

मी काही बोललो नाही. कसं सांगायचं असतं हे?

पण शनिवारी बसलिंग हिशेबाला आला तेव्हा
लिंबय्या त्याच्या पुढ्यात थांबला,
पाना या हातातून त्या हातात घेतला,
आणि तेलुगू जिभेनं, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये,
"ऊटा आयता?"
पोरगं आधी दचकलं, मग हसलं,
म्हणालं मराठीत, "नाय अजून."
कडक भाकरी मोडल्याचा आवाज
त्या खडखडाटातही मला ऐकू आला,
की आला असं वाटलं.

सोमवारी लिंबय्या परत मुका.
बसलिंग मात्र सतरा नंबरवर उभा होता.

हजेरीबुकात मी पेन्सिलीनं एक रकाना आखलाय.
वर काय लिहायचं सुचत नाही.
इंदिराबाईला फोनवर विचारलं तर म्हणाली,
"नाव राहू द्या, शेठ. आधी त्यात आकडा टाका."