दोन सेंटिमीटर

साइ योकला संध्याकाळचे साडेसहा होतात
तेव्हा ग्वादलूपला माझी सकाळ, साडेसात.
बाबा गुहेच्या तोंडाशी, मुठीत मोजणीचं यंत्र;
मी कांदळवनात, मांडीभर चिखलात,
फोन टोपीच्या पट्ट्यात खोचलेला.

"निघाली," ते म्हणतात.
मग अर्धा तास कुणीच बोलत नाही.
मी नुसती टिकटिक ऐकते.

त्यांचं वाघूळ जगातलं सगळ्यात लहान.
तोळामासा जीव. दुसऱ्या पारड्यात
पंचवीस सतांगांचं नाणं टाका, काटा हलायचा नाही.
डुकराचं नाक, शेपटीचा पत्ता नाही,
वर्षाकाठी एकच पिल्लू, तेही आईला घट्ट बिलगून.

माझा जिवाणू आजवर सापडलेला सगळ्यात मोठा.
बुडालेल्या कुजक्या पानावर पांढरा धागा,
गळून पडलेल्या पापणीच्या केसासारखा.
सिल्व्हेर नावाडी चष्म्याशिवाय दाखवतो,
"तो बघ. तो आणखी एक,"
आणि नाक धरतो. इथल्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास.

एकदा मी फूटपट्टी लावली.
वाघूळ तीन सेंटिमीटर, हा एक.
कुठून कुठून आले दोघं,
ते आकसत आकसत, हा ताणत ताणत,
आणि बोटाच्या एका पेराने भेट हुकली.

बाबांना कौतुक नाही.
"जंतू तो जंतूच. त्याला आई असते का?"
टोकाचा तुकडा सुटतो, मी सांगते, आणि वाहत जातो.
"सुटतो," ते म्हणतात. "वाहत जातो."
उशिरा निघालेलं एखादं. टिक्.
कुणाबद्दल चाललंय ते मला कळतं.

म्हणून मी पोटाचं सांगते.
धाग्याच्या आत बहुतेक पोकळीच, पाण्याने भरलेली.
जगणं सगळं कडेकडेने, भिंतीला चिकटून,
फळातल्या बियांसारख्या बारीक पुड्यांत
तोच मजकूर हजारो वेळा लिहून ठेवलेला.
"म्हणजे गुहा," बाबा म्हणतात.
हो. तुमचं गुहेत परततं.
हा गुहा पोटात घेऊन बसलाय.

पलीकडे बराच वेळ रातकिडे.
डोंगरावर कुणी रान जाळतंय, त्यांना खोकला लागतो.
"रात्री," ते हाक मारतात. माझं नाव, त्यांनीच ठेवलेलं.
"आज एकशे बारा. काल एकशे चौदा होती.
दोन कुठे राहिली?"

सिल्व्हेर खेकड्यांचा सापळा वर ओढतो. रिकामा.
मी पान बाटलीत सरकवते, झाकण लावते,
मग अर्धा आटा सैल करते.