नाव लावणं

माजुरो. नकाशावर पेन्सिल टेकवली
की गाव झाकलं जातं.
एकीकडे समुद्र, दुसरीकडे खारं तळं,
मधे एकच रस्ता. चुकायची सोय नाही.

तरी या गावाचं नाव
मी न पाहिलेल्या बंदरांतून फिरतं,
हातभर उंच अक्षरांत, जहाजांच्या पिछाडीवर.
जहाजं इथे येत नाहीत.
त्यांचे कागद येतात.

मी शिक्का मारते. एकोणीस वर्षं.
माझा शिक्का किंचित डावीकडे कलतो,
कचेरीत सगळे ओळखतात.
टनामागे फी, फीमागे पावती;
त्या पैशातून शाळेवर पत्रे आले, हेही खरं,
माझी लिजॉन त्याच पत्र्यांखाली पाढे शिकली.

मालक एका देशातला, त्याचा हिशेबनीस दुसऱ्या,
खलाशी चार भाषांतले,
आणि नाव आमचं लावतात.
आमच्याकडे कूळ आईचं लागतं,
जमीनही तिच्याकडूनच येते.
मी कधी विचारलं नव्हतं
एवढी लेकरं कुणाची.

रविवारी, प्रार्थनेआधी,
विसरलेली छत्री आणायला गेले तर फोन वाजत होता.
"माजुरो?" पलीकडून विचारलं.
कचेरी नव्हे, नोंदणी नव्हे, नुसतं गाव.
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तो अर्सेनियो, डोरिना जहाजावरचा आचारी,
काळ्या समुद्रात, कॉन्स्टान्ट्साच्या बाहेर नांगरलेला.
त्याच्याकडे अजून शनिवारची रात्र होती.
सात महिने पगार नाही, मालक फोन उचलत नाही,
जनरेटर दिवसाला एक तास,
तांदूळ दीड पोतं, माणसं अकरा,
आणि जीवरक्षक होडीचा आकडा
हात लावताच पापुद्रे होऊन सुटला.
रंग द्यायला दोरीवर लोंबकळताना
पिछाडीवरचं नाव वाचलं, म्हणाला,
वाटलं, यांना तरी ठाऊक असेल
आम्ही कुणाचे.

फाइल काढली.
होडी: समाधानकारक. आकडा: समाधानकारक.
तपासणी चौदा मार्च, पिरेयसच्या गोदीत.
दुसऱ्या कागदावर, त्याच चौदा मार्चला,
डोरिना सुएझच्या रांगेत उभी.
भाड्याचा तपासनीस शिडी चढलाच नव्हता.
खाली शिक्का.
डावीकडे कललेला.

सोमवारी जोर्लांगसाहेब म्हणाले, जपून.
कडक झालो तर आठवड्यात झेंडा बदलतील,
दुसरा कुणीतरी निम्म्या पैशात नाव देतोच.
देतो, खरंच.
नीरफणसाची फोड हातात तशीच धरून मी म्हटलं,
नाव बुडतं ना साहेब,
तेव्हा आत माणसं असतात.
त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

मग पत्रं. विमा कंपनीला, बंदराला,
पगारासाठी, डिझेलसाठी, अकरा तिकिटांसाठी.
आमच्या खर्चानं एक तपासनीस शिडी चढला,
आकड्याचे, रिकाम्या शीतपेटीचे फोटो पाठवले,
एक फोटो अर्सेनियोच्या चुलीचा, कुणी मागितला नसताना.
त्या आठवड्यात चार फाइली मी शिक्क्याविना परत केल्या.
दोन पुन्हा आल्याच नाहीत.

परवा त्याचा फोन, विमानतळावरून.
सातांपैकी चारच महिन्यांचे मिळाले.
निघण्याआधी त्यानं पिछाडी खरवडून पाहिली होती:
माजुरोखाली दुसरं गाव,
त्याखाली तिसरं, वेल्डिंगनं उठवलेलं;
कितीही रंग द्या, ऊन तिरपं पडलं की वाचता येतं.

मी विचारलं, त्यांनाही फोन केला होतास?
केला, म्हणाला.
तिथे नुसता वाजत राहिला.