वीसपैकी सतरा

उद्या पंधरा नोव्हेंबर.
सरोवरावरून आलेला बर्फ दुकानाच्या काचेवर आडवा आपटतोय.
निएमींचा धाकटा, वेस्ली, फळीपुढे उभा;
बुटांखाली वितळल्या पाण्याचं थारोळं,
नजर वरच्या खुंटीवरच्या लांब नळीवर.
"ती मॅग्नम," म्हणतो, "आणि गोळ्या जड. असतील तेवढ्या जड."

एकतीस वर्षं मी या फळीमागे आहे.
खिळे विकले, रंग, फावडी, उंदरांचे सापळे,
आणि दर नोव्हेंबरात काडतुसं.
माणूस कुठला आकडा मागतो त्यावरून
त्याला कशाची भीती वाटते ते कळतं.

"तुझ्या मचाणावरून दिसणारं सगळ्यात लांबचं झाड किती पावलांवर?"
तो मनातल्या मनात चालून येतो:
बर्च, ओढा, आडवं पडलेलं हेमलॉक.
"ऐंशी. पुढे दलदल. काही दिसत नाही."
"मग मैलभर जाणारी गोळी कुणासाठी? कॅनडासाठी?"
कान लाल होतात त्याचे.
बाप गेल्यापासून या पोराची
कुणी थट्टा केली नसावी.

मी तीन गोळ्या मांडते.
ही पातळ सालीची, घुशी-कोल्ह्यांसाठी.
हरणाच्या खांद्यावर आपटली की तिथंच भुगा;
वर तळहाताएवढी जखम, आत काही नाही,
जनावर चालत राहतं.
ही कडक, अस्वलासाठी.
सडपातळ हरणातून दाभणासारखी आरपार जाते,
आपण कशातून गेलो हे तिला कळतही नाही.
आणि ही. टोकाला उघडं शिसं, मागे जाड होत गेलेलं तांबं.
बरगडी ओलांडताना अळंबीसारखी उमलते,
उमलूनही पुढे जायचं विसरत नाही.
एकशे सतरा ग्रेन. ग्रेन म्हणजे दाणा, जवाचा.
इतक्या दाण्यांनी पसाही भरणार नाही.

"इतकंच?"
दोन्ही फुप्फुसांतून गेली तर इतकंच लागतं.
पोटात गेली तर तोफही पुरत नाही.

हे मला कुणी शिकवलेलं नाही.
तौनोनं एका वर्षी भावाची मॅग्नम आणली होती.
धक्क्याच्या धास्तीनं
बार उडायच्या आधीच डोळे मिटले त्यानं.
दोन दिवस आम्ही माग काढत होतो:
बर्फावर रक्त थोडं, हिरवट डाग जास्त,
एका जागी ते बसलं होतं, तिथं खळगा, अजून ऊन.
दुसऱ्या रात्री बर्फ पडला.
त्या हिवाळ्यात तौनो ताटातलं मांस
काट्यानं कडेला सारायचा. मी विचारलं नाही.

वेस्ली गप्प. मी मागच्या खोलीत जाते.
कपाटामागून त्याची दोनशे सत्तावन्न काढते,
दस्ता त्याच्या गालानं घासून गुळगुळीत झालेला.
तेलाचा वास तसाच.
विकायची नाही, हे गावाला ठाऊक आहे.
"हंगाम संपला की परत. आणि पुसून."

खणातला खोकाही देते.
तो झाकण उघडून मोजतो; मोजायला शिकवलंय त्याला कुणीतरी.
"सतराच आहेत."
"हो."
"तीन?"
तीन नोव्हेंबर, तीन हरणं.
चौथा नोव्हेंबर तौनोला मिळाला नाही.
हे मी बोलत नाही. म्हणते,
"दोन आजच घालव, खाणीमागच्या उतारावर, उजेड आहे तोवर.
नळी कुठं बघते ते आधी तुला कळू दे.
उरतील पंधरा. तुला लागेल एक.
नेम बसत नसेल तर एकही नाही."

पैसे काढतो. मी फक्त सतरांचे घेते,
जुन्या भावानं, त्यावरही तो वाद घालतो.
दाराची घंटी वाजते, बर्फ आत येतो, दार मिटतं.
पुन्हा घंटी.
"मिसेस कांगस, पुठ्ठा आहे का? नेम धरायला."
रंगाच्या डब्यांचं खोकं फाडते मी,
कॉफीचा मग उपडा ठेवून
पेन्सिलीनं गोल काढून देते.
मग थोडा गळका आहे.
गोलाच्या आत एक तपकिरी डाग पडतो, मध्यापासून जरासा डावीकडे.
"तो धरू नकोस," म्हणते. "मधला धर."