अष्टे

पलीकडच्या राज्याचं पत्र आलं की
सातरस्त्याच्या कचेरीत ते माझ्या टेबलावर येतं.
कानडी बोलणारे इथे पुष्कळ,
वाचणारा मी एकटा,
आई इंडीची म्हणून.

उन्हाळ्यात भीमेत दोन टीएमसी सोडा,
बदल्यात आम्ही तुमच्या सीमेवरच्या तलावांत
तेवढंच

इथे पेन अडतं.
मूळ शब्द 'अष्टे'.
म्हणजे तेवढंच.
म्हणजे बस्स, इतकंच, असंही.
आई दोन्ही म्हणायची, वाढताना आणि हात आखडताना.

साहेब म्हणाले, कलशेट्टी, एकच काय ते लिहा,
दोन अर्थ लावायला वर माणसं बसलीयत.

साखर पेठेत आज पाचवा दिवस.
पहाटे तीनला नळ खाकरला.
गड्डमवहिनी घागर घेऊन दारात,
त्यांच्याकडे दाबच नाही.
मागच्या पाळीला आमची मोटर जळाली
तेव्हा त्यांनी दिल्या होत्या सहा.

बायको मोजून सहा भरते.
सातवी नळाखाली धरते
आणि माझ्याकडे बघते.

अष्टे, म्हणतो मी,
आणि आत जातो.

मसुद्यात ती जागा
अजून कोरी आहे.